भगिनी सहवासाची परात

मित्रांनो, माझ्यात आधी पीठ मळले गेले आणि मग पाय धुतले गेले. एवढे सांगून मी गप्प बसले असते. पण जन्म कुठला, कष्ट किती, कौतुक कोणी केले, हे सगळे विचारल्याशिवाय तुम्ही सोडणार नाही. मला ओळीने सांगता येत नाही. परातीला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते, नुसता गोल काठ असतो. म्हणून माझ्यात जे जे पडत गेले, त्याचे नाव वर घालते आणि खाली सांगत जाते.

पीठ

मी पितळेची आहे आणि जुनी आहे. सांगलीच्या भांडेबाजारात एका मामाने भाचीच्या लग्नासाठी मला निवडले. दुकानदार काठावर नाव घालत होता. मामा म्हणाला, "काठावर कोण बघतंय? ऐन मधी घाला." मग खिळ्याने टिंब टिंब ठोकत माझ्या पोटावर अक्षरे उमटली : 'चि. सौ. कां. बनु हिस मामाकडून'.

बनुबाई कराडच्या पुढे, हायवेच्या आतल्या एका गावात नांदायला आली. तिचे यजमान हंबीरराव फौजेत होते. ते सुट्टीवर आले की घरात माणसांचा राबता सुरू होई आणि माझ्यात ज्वारीच्या पिठाचा डोंगर पडे. बनुबाईचे तळवे जाड होते. ती पीठ मळायची तेव्हा तिच्या नावाची टिंबे पिठाच्या गोळ्याला उलटी उमटायची. पाहुणे म्हणायचे, "भाकरी लय मऊ हाय वैनी." परातीला कोणी मऊ म्हटले नाही. पण मला वाटायचे, ते माझ्याबद्दलच बोलत आहेत.

हे माझे सुखाचे दिवस. सुखाचे दिवस सांगायला फार ओळी लागत नाहीत.

पाय

गावाच्या कडेला, कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याचे छप्पर असलेले एक प्रार्थनामंदिर आहे. ते मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचे. छत्तीसगडातल्या धमतरीकडून बदलून आलेल्या एका रेल्वेच्या माणसाच्या घरात ही मंडळी पहिल्यांदा जमली, असे सांगतात. या लोकांचे दोन नेम गावाला चमत्कारिक वाटतात. एक, हे लढाईला जात नाहीत. घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावात हे पचायला जडच. दुसरा नेम म्हणजे, प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करतात त्या दिवशी, हे एकमेकांचे पाय धुतात. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. त्या जेवणाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून.

बनुबाईच्या शेजारी विनोदिनीबाई राहत. शाळेत शिक्षिका होत्या, याच मंडळीच्या. एका प्रभुभोजनाच्या दिवशी मंदिरातले घमेले गळायला लागले. त्या घाईघाईने आल्या आणि म्हणाल्या, "बनुताई, आजच्या दिवस तुमची परात द्या ना." कशाला, ते त्यांनी सांगितले नाही. बनुबाईने विचारलेही नाही. तिला वाटले, जेवणावळ असेल.

संध्याकाळी त्या मला परत द्यायला आल्या. तोवर बनुबाईला कळले होते.

"आवं बाई, पाय धुतलं म्हनं हिच्यात?"

विनोदिनीबाई म्हणाल्या, "स्वच्छ घासून आणलीय मी."

"घासली असंल. पन हिच्यात मी उद्या भाकरीचं पीठ कसं मळू? आन् माझं नाव हाय हो तिच्यावर. मामानं घाटल्यालं. त्या नावावर पाय ठिवलं समद्यांनी." तिच्या आवाजात राग नव्हता, रडू होते. "ठिवा तुमालाच."

दार लागले. मी विनोदिनीबाईंच्या हातात राहिले. त्या दिवसापासून विनोदिनीबाई बनुबाईच्या दारावरून जाताना मान खाली घालून जातात, आणि मी मंदिराच्या कपाटात, भजनाच्या बाजाच्या पेटीमागे असते. पिठाची जात सोडून मी पायांत आले होते. तुम्हाला नावडत्या जागी उभे केले तर तुम्हाला जे वाटते, ते मला वाटले.

पण मित्रांनो, एक गंमत सांगते. माझ्यातले पाणी कधी गढूळ झालेच नाही. लोक घरूनच पाय धुऊन येत. टाचा घासून, नखे कापून, कोणी क्रीम लावून, मुली नेलपॉलिश लावून. दुसऱ्याला आपले घाण पाय दाखवायचे म्हणजे लाजच ना! म्हणून खरे धुणे घरी होई. मंदिरात माझ्यात नुसते पाय ओले होत.

चिंच आणि मीठ

साळूबाई पलीकडच्या कालव्याजवळ राहते. लोकांच्या उसात भांगलायला, म्हणजे तण काढायला जाते. एकदा तापाने दवाखान्यात पडली, तेव्हा मंडळीच्या धर्मगुरूंची, म्हणजे पाळकसाहेबांची बायको रेश्मा तिच्या उशाशी बसून राहिली. बरी झाल्यावर साळूबाई उपासनेला यायला लागली. मागच्या चटईवर बसायची. पहिल्याच आठवड्यात ती लवकर आली आणि तिने मंदिर झाडले. कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या आठवड्यात झाडले, तेव्हाही कोणी सांगितले नव्हते. पुढे एकदा ती आली नाही, तर लोक म्हणाले, "आज झाडलं नाही का साळूबाईनं?"

अशी कामे चिकटतात. कोणी नेमत नाही आणि कोणी सोडवतही नाही.

मलाही तीच घासायची. चिंच, मीठ, वर नारळाची शेंडी. माझ्या मधली टिंबे तिला वाचता येत नसत, पण एकेका टिंबातला मळ ती नखाने काढायची.

त्याच सुमारास विनोदिनीबाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी मनावर घेतले, की मंडळीत बायकांचा स्वतःचा गट हवा. तोवर बायकांचे काम म्हणजे चहा करणे आणि डाव्या बाजूला बसणे. पंचांच्या बैठकीत विनोदिनीबाई उभ्या राहिल्या. एक वडीलधारे पंच म्हणाले, "बाई, बायका जमल्या म्हणजे चुगल्या." त्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही जमता तेव्हा काय करता, तेही आम्हाला ऐकू येतं." सगळे हसले. गट मंजूर झाला. नाव ठरले भगिनी सहवास. बाईंनी सगळ्यांदेखत सांगितले, "यात मंडळीतली एकही बाई मागे राहणार नाही." हे शब्द मी कपाटातून ऐकले. पुढे जे झाले, ते या शब्दांमुळेच एवढे झोंबले.

पहिली सभा शनिवारी. सुरुवात पाय धुऊन करायची, असे ठरले. बायकांच्या फोनवर निरोप गेला. साळूबाईकडे तसला फोन नाही. रेश्मा घरी जाऊन सांगून आली.

आणि विनोदिनीबाईंनी जोड्या लावल्या. इथेच चूक झाली. ती वाईट मनाने झाली नाही. त्यांच्या मनात आले, साळूबाईच्या टाचांना भेगा आहेत, भेगांत काळी माती आहे. चारचौघींत तिला लाजल्यासारखे होईल. शिवाय बँकेतली प्रियदर्शनी तिच्यासमोर बसायला का-कू करील. मग त्या साळूबाईला प्रेमाने म्हणाल्या, "साळूबाई, तुम्ही पाण्याचं बघा हं. तुमच्याशिवाय कोण करणार?"

पाणी

शनिवारी साळूबाई सगळ्यांच्या आधी आली. मला घासले. नळावरून कळशीने पाणी भरले. नंतर एका जोडीचे झाले की मला उचलून बाहेर पपईच्या झाडाला पाणी ओतायचे, नवे पाणी घालायचे, पुढच्या खुर्चीसमोर ठेवायचे. कळशी भरायची, पुन्हा यायचे. बायका एकमेकींचे पाय ओंजळीने भिजवत होत्या, टॉवेलने टिपत होत्या, गळ्यात पडत होत्या. माझे खूप कौतुक झाले. "किती लखलखतेय बाई परात!" मी फुगून गेले होते.

शेवटची जोडी उठली. साळूबाईने मला ओतून आणले आणि पुन्हा पाणी घातले. मला रिकाम्या खुर्चीसमोर ठेवले आणि ती तिथेच उभी राहिली. तिने चपला दाराशीच काढल्या होत्या. तिच्या टाचा मला खालून दिसल्या. विटेने घासघासून लाल केलेल्या होत्या. भेगांत आमसुलाचे तेल भरलेले होते. असे तेल एका दिवसात मुरत नाही. निरोप आल्यापासून ती रोज लावत असणार.

विनोदिनीबाईंनी शेवटची प्रार्थना केली. मग म्हणाल्या, "साळूबाई, हे पाणी आता ओतून टाका. चहा घेऊ या."

साळूबाईने मला उचलले. बाहेर नेले. पाणी ओतले. मला पालथे घातले आणि चहा न घेता गेली. ओल्या व्हरांड्यात तिच्या पावलांचे तेलकट ठसे राहिले. चहाचा कप हातात घेऊन विनोदिनीबाई बाहेर आल्या आणि त्यांना ते ठसे दिसले. त्या किती वेळ खाली बघत होत्या, मला सांगता येणार नाही. मी पालथी होते. एवढे कळले, की चहा निवून गेला आणि त्यांनी तो पपईच्या झाडाला ओतला.

काही नाही

पुढच्या शनिवारी साळूबाई आली नाही. रविवारीही आली नाही. मंदिर कोणी झाडले नाही. या भागात काहीच घडले नाही, आणि सगळ्यात जास्त शरम याच भागात होती.

म्हैस

विनोदिनीबाई रेश्माला म्हणाल्या, "मला तिच्याकडे घेऊन चल. परातही घे."

रेश्माच्या स्कूटीवर दोघींच्या मध्ये मी. माझा काठ बाईंच्या पोटात रुतत होता. एसटीच्या थांब्यावर एक म्हातारा ओरडला, "काय गुरुजीनबाई, लगीन हाय का कुनाचं?" बाई एरवी फटकन उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी नुसता माझा काठ घट्ट धरला.

साळूबाई अंगणात वैरण तोडत होती. तिने पाणी दिले, पोते अंथरले. बाई बसल्या नाहीत.

"साळूबाई, त्या दिवशी फार चुकलं माझं. मी तुमचे पाय धुवायला आलेय."

साळूबाईने माझ्याकडे पाहिले. "आन् परात बी घिऊन आलाय."

"हो."

"तुमी हितं आलाय, कुनाला ठाव हाय?"

रेश्मा म्हणाली, "नाही मावशी, आम्ही दोघीच आलोय. कुणाला बोललो नाही."

"म्हंजी पानी वाहिलं म्या समद्यांच्या म्होरं. आन् पाय धुनार तुमी हितं, म्हशीच्या म्होरं."

म्हैस रवंथ करत आमच्याकडेच बघत होती. रेश्माला हसू फुटले आणि लगेच तिने पदर तोंडाला लावला.

विनोदिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला पायांची लाज वाटेल."

"मला न्हवती वाटत," साळूबाई म्हणाली. "तुमी वाटाय लावली."

आता मित्रांनो, विनोदिनीबाईंचे बघा. त्या एकदा चुकल्या होत्या सगळ्यांसमोर, आणि ती चूक पुसायला आल्या होत्या गुपचूप. ही दुसरी चूक त्यांना आत्ता कळली होती. त्यांचे कान लाल झाले.

साळूबाईने विळा खाली ठेवला. "परात र्‍हाऊ द्या हितं. न्हाई तरी घासाय मलाच लागती. शनवारी समद्या हितं या. जेवाय. मग मी यायचं का न्हाई, ते सांगते."

पुन्हा पीठ

शनिवारी बायका आल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच आल्या. कालव्याच्या कडेने चालत आल्या, साड्या सावरत, सँडल हातात घेऊन. अंगणात पोती अंथरली होती. चुलीवर वांग्याची भाजी रटरटत होती. आणि चुलीपुढे साळूबाई माझ्यात पीठ मळत होती.

किती वर्षांनी माझ्यात पीठ पडले होते! मी आनंदून गेले असते. पण मला बायकांचे चेहरे दिसत होते.

प्रियदर्शनी विनोदिनीबाईंच्या कानाशी लागली. "बाई, ही... तीच परात ना?"

ती कुजबुजली, पण अंगण केवढे असते? साळूबाईने मान वर केली नाही.

"तीच हाय. चिचंनं घासलीया, राखंनं घासलीया, वर कडक पानी वतलंया. आन् तसं बघाय गेलं, तर घासायची बी गरज न्हवती. तुमी समद्या पाय घरनंच धुऊन येता न्हवं?"

एक बाई फिस्सकन हसली. बाकीच्या चुलीकडे बघायला लागल्या, जणू चूल त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

प्रियदर्शनी म्हणाली, "मला नको वाढू. माझा आज उपास आहे."

"शनवारचा? कवापासनं गं पोरी? पाळकसायबाला ठाव हाय का?"

प्रियदर्शनी उठली. तिने पर्स घेतली आणि कालव्याच्या वाटेला लागली. तिला कोणी थांबवले नाही, आणि ती गेल्यावर कोणी तिच्याबद्दल वाईट बोलले नाही. कारण ती जे करून गेली, ते बहुतेकींच्या मनात होते.

पहिली भाकरी विनोदिनीबाईंच्या ताटात पडली. त्यांनी तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडापर्यंत नेला. आणि त्यांचा हात थांबला.

हात पळभरच थांबला. त्या पळात त्यांना काय दिसले असेल, ते मला ठाऊक आहे. बनुबाईचे लागलेले दार दिसले असेल. तेव्हा शरमेबरोबर त्यांना हेही वाटले होते, ही बाई किती मागासलेली! आता त्यांच्याच हातात तो घास होता आणि तो आत जात नव्हता.

त्यांनी खाल्ला. चावला. गिळला.

"थांबला हात," साळूबाई म्हणाली.

आता बाई म्हणतील, भाजी गरम होती. मलाही तसेच वाटले.

विनोदिनीबाई म्हणाल्या, "हो. थांबला."

साळूबाईने पुढची भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवले. भाकरी उलटली आणि बोलली, "थांबनारच. माझा बी थांबला असता. पन तुमी व्हय म्हनला." मग म्हणाली, "येते मी. पन पानी दुसऱ्या कुनीतरी वाहायचं."

मग बायका जेवल्या. कोणी मनापासून, कोणी डोळे मिटून. एकीने पहिली भाकरी लपवून म्हशीला घातली. दुसरी मात्र खाल्ली. कसेही असो, भगिनी सहवास त्या दिवशी सुरू झाला. 'एकही बाई मागे राहणार नाही' हे मी कपाटातून ऐकले होते ते शब्द म्हणजे तोवर नुसते नाव होते.

आणि नंतर

पुढच्या शनिवारी मंदिरात कळशी विनोदिनीबाईंनी भरली. त्यांची कंबर धरली होती. एका हाताने कंबर, एका हाताने कळशी, अर्धे पाणी लुगड्यावर. रेश्मा मदतीला धावली, तर बाईंनी डोळे वटारले.

साळूबाई खुर्चीत बसली. खुर्चीत कसे बसायचे ते तिला नीट जमत नव्हते. ती कडेला टेकली, मग मागे सरकली. या वेळी तिने टाचा घासल्या नव्हत्या, तेलही लावले नव्हते. भांगलण उरकून ती सरळ आली होती. उसाच्या रानातली माती पिंडरीपर्यंत वाळलेली. तिने पाय माझ्यात ठेवले आणि पाणी काळे झाले.

"गार आहे का पाणी?" बाईंनी विचारले.

"गार हाय. चालंल."

बाईंनी एकेक बोट चोळले. भेगेतली माती काढली. साळूबाई सगळ्यांकडे बघत होती. तिला हेच हवे होते, की सगळ्यांनी बघावे. बाई कोणाकडेच बघत नव्हत्या. क्षमा मागितली की शरम जाते, असे मला वाटत होते. तशी ती जात नाही. बाईंचे कान लालच होते. पण त्यांचे हात थांबले नाहीत.

मग साळूबाई उठली, बाईंच्या गळ्यात पडली आणि चहा प्यायली. दोन कप.

मला मात्र कोणी उचलले नाही. साळूबाईने मुद्दाम उचलले नाही, आणि इतर बायकांना ते सुचले नाही. संध्याकाळपर्यंत मी तशीच पडले होते, गाळ तळाशी बसलेला. शेवटी विनोदिनीबाई कुलूप लावायला आल्या, थबकल्या, आणि पदर खोचून नळावर बसल्या. त्यांना घासता येत नाही, मित्रांनो. चिंच फार घेतली, मीठ विसरल्या. माझ्या काठावर डाग राहिले आहेत. टिंबांत माती राहिली आहे. प्रियदर्शनी अजून परत आलेली नाही. तिच्याकडे कोणी जायचे, यावर सहवासात बोलणे चालू आहे.

मला कोणी नीट घासावे, असे मागणे मी तुमच्याकडे मागणार नाही. माझे मागणे दुसरेच आहे. तुमच्या घरात, शाळेत, कुणाच्या लग्नात, कोणीतरी सगळ्यांना पाणी देत फिरत असेल. ते माणूस मनमिळाऊ असेल, हसत असेल, त्याला काही लागत नाही असे वाटत असेल. कार्यक्रम संपायच्या आधी, सगळे बसलेले असतानाच, उठा. त्याच्या हातातली कळशी घ्या. सांडली तरी चालेल. आणि त्याला तुमच्या जागेवर बसवा.